वय वजा करून मेंदू मोजताना

पुण्यातल्या एका रुग्णालयात विस्मृतीच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, रुग्णांचे मेंदूचे एमआरआय निरोगी ज्येष्ठांच्या एमआरआयशी ताडून पाहण्याचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा आकडेमोडीसाठी मला बोलावलं. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. न्यूरॉलॉजीच्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत कामाची रीत घालून दिली. "आपले स्कॅन जमायला वेळ लागेल. तोवर ओॲसिसच्या खुल्या स्कॅनवर हात बसव. आणि हे बघ, मला आधी पी-व्हॅल्यू आणून दाखवायची नाही. आधी माणसं दाखव. कुठल्या गटात कोण बसलंय ते." पी-व्हॅल्यू म्हणजे, खरा फरक नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता.

'वय आणि लिंग यांसाठी नियंत्रण केले आहे' असं वाक्य मेंदूच्या प्रतिमांवरच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात असतं. वाचणारा त्यावरून पुढे सरकतो, मीही सरकत होते. ते वाक्य स्वतःला लिहायची वेळ आली तेव्हा त्यामागे किती निर्णय घ्यावे लागतात ते समजलं. तेच इथे लिहिते आहे. नुकत्याच या क्षेत्रात आलेल्या मुलामुलींना उपयोग व्हावा, एवढी इच्छा आहे.

ओॲसिस हा अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केलेला मेंदूच्या स्कॅनचा संच. त्याचा पहिला भाग २००७ साली आला. त्यात ४१६ माणसं आहेत, वय १८ ते ९६. सगळी उजव्या हाताने कामं करणारी. स्कॅन १.५ टेस्लाच्या मशिनवर, प्रत्येकाचे एकाच बैठकीत तीन-चार वेळा घेतलेले. सोबत एक सारणी: स्त्री की पुरुष, वय, शिक्षण, सामाजिक-आर्थिक स्तर, एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या चाचणीचे ३० पैकी गुण, सीडीआर म्हणजे विस्मृतीची पायरी, आणि शेवटी मेंदूची मापं. सीडीआर ० म्हणजे निरोगी, ०.५ म्हणजे अगदी सौम्य, १ सौम्य, २ मध्यम.

मॅडमच्या सांगण्यावरून मी कुठलंही मॉडेल न लावता ओळी वाचायला बसले. पहिली ओळ: ७४ वर्षांची स्त्री, सीडीआर ०, मेंदूचं प्रमाण ०.७४३. हे प्रमाण म्हणजे कवटीच्या आतल्या जागेपैकी किती हिस्सा मेंदूने व्यापलाय. उरलेल्यात पाणी. दुसरी ओळ: ५५ वर्षांची स्त्री, तीही निरोगी, ०.८१०. तिसरी: ७३ वर्षांची स्त्री, सीडीआर ०.५, प्रमाण ०.७०८. चौथी: २८ वर्षांचा पुरुष, ०.८०३. पाचवी: १८ वर्षांचा मुलगा, ०.८४८. या शेवटच्या दोघांचा सीडीआरचा रकाना रिकामा आहे, कारण तरुणांची विस्मृतीची तपासणी करायचं कारणच नव्हतं.

पहिल्या आणि तिसऱ्या बाईंमधला फरक ०.०३५. एक निरोगी, एक रुग्ण, वय जवळपास सारखं. आणि पहिल्या बाई आणि पाचवा मुलगा यांच्यातला फरक ०.१०५, म्हणजे तिप्पट. दोघंही निरोगी! पाच ओळींवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत होतं, पण आपल्याला ज्या आजाराचा माग काढायचाय त्यापेक्षा वयाचं पाऊल किती मोठं पडतं, हे त्या पाच आकड्यांनी जितकं नीट समजावलं तितकं कुठल्याही व्याख्यानाने समजावलं नसतं.

मग गट मांडले. ४१६ पैकी २१८ जण साठीच्या आतले, सगळे निरोगी धरलेले. साठीच्या पुढचे १९८. त्यातले ९८ निरोगी आणि १०० रुग्ण. रुग्णांत ७० जण अगदी सौम्य पायरीवर, २८ सौम्य, फक्त २ मध्यम. साठीच्या आत एकही रुग्ण नाही.

आमच्याबरोबर रेडिओलॉजीचे एक रेसिडेंट डॉक्टर काम करतात. ते म्हणाले, "निरोगी ३१६ आहेत की. सगळे घ्या, वय कोव्हेरिएट म्हणून टाका, काम झालं. जितके जास्त तितकं बरं." कोव्हेरिएट म्हणजे मॉडेलमध्ये सोबत घातलेला असा रकाना, ज्याचा परिणाम वजा करायचा असतो. ही सूचना वेडगळ नाही. बरेच लोक तसंच करतात, आणि सॉफ्टवेअरही त्यावर हूं की चूं न करता उत्तर काढून देतं. मी दोन्ही गटांच्या वयाचे आलेख एकाखाली एक छापून मॅडमपुढे ठेवले. निरोगी लोकांचा आलेख १८ पासून पसरलेला, रुग्णांचा साठीनंतर सुरू होणारा. मॅडमनी तिशीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे मॉडेल काय सांगणार?"

प्रश्न नेमका तोच होता. वयासाठी 'जुळवून' घेणं म्हणजे मॉडेलला विचारणं, की दोन्ही गटांतली माणसं एकाच वयाची असती तर फरक किती असता? दोन्ही गटांत त्या वयाची माणसं असतील तर हा प्रश्न रास्त आहे. नसतील तर मॉडेल रेघ पुढे ओढतं आणि आकडा तयार करतं. ३० वर्षांचा अल्झायमरचा रुग्ण या सारणीत नाही, तरी मॉडेल त्याचा मेंदू केवढा असता ते सांगून मोकळं होतं.

शिवाय ती रेघ सरळ असते, आणि मेंदूचं वय सरळ रेघेत वाढत नाही. तरुणपणी मेंदू फार हळू आक्रसतो, साठीनंतर वेग वाढतो. तरुणांच्या गर्दीतून ओढलेली सरळ रेघ ७७ व्या वर्षाशी पोचते तेव्हा ती निरोगी म्हाताऱ्या माणसाच्या खऱ्या मेंदूच्या वरून जाते. रुग्णाची तुलना त्या उंचावलेल्या रेघेशी झाली की आजाराने केलेली झीज आहे त्यापेक्षा जास्त दिसते. वयाचा वर्ग, म्हणजे वय गुणिले वय, घालून रेघ वाकवता येते, आम्ही तसं करूनही पाहिलं. पण ज्या माणसांचा प्रश्नाशी संबंधच नाही त्यांच्या आधाराने रेघ वाकवायची कशाला? साठीच्या आतले २१८ जण बाजूला काढले. उरले ९८ आणि १००. दोन्हींच्या वयाची सरासरी ७६-७७ च्या आसपास, पसाराही बऱ्यापैकी एकमेकांवर बसणारा. आता वय कोव्हेरिएट म्हणून टाकायला हरकत नव्हती, आणि टाकलंच, कारण पसाऱ्यातला राहिलेला खडबडीतपणा त्याने कमी होतो. माणसं निम्म्याहून कमी झाली याचं मला सुरुवातीला फार वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

वय कोव्हेरिएट म्हणून टाकतानाही एक बारकी पायरी असते, आणि ती नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. मॉडेलमध्ये वयाचा रकाना भरताना त्यातून सरासरी वजा करायची असते. कुठली सरासरी? सगळ्यांची मिळून एक, की प्रत्येक गटाची आपापली? ऐकताना दुसरा पर्याय जास्त न्याय्य वाटतो. मी मुद्दाम ४१६ च्या पूर्ण संचावर दोन्ही करून पाहिलं. गटागटाची सरासरी वजा केली तेव्हा दोन गटांतला फरक कच्च्या, काहीही न जुळवलेल्या फरकाइतकाच आला, शेवटच्या दशांशापर्यंत. तसंच व्हायला हवं. प्रत्येक गटाचं सरासरी वय शून्यावर आणून ठेवलं की मॉडेलच्या लेखी दोन्ही गट एकाच वयाचे झाले, मग ते जुळवणार काय? सगळ्यांची मिळून एकच सरासरी वजा केली तरच गटांमधला वयाचा फरक मॉडेलला दिसतो. एफएसएल असो, एसपीएम असो, मेंदूच्या प्रतिमांच्या या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन मॅट्रिक्स म्हणजे मॉडेलच्या रकान्यांचा तक्ता भरताना ही गोष्ट आपल्यालाच ठरवावी लागते. कुठला पर्याय बरोबर ते सॉफ्टवेअर सांगत नाही.

वयाचा उतार, म्हणजे वयाबरोबर मेंदू आक्रसण्याचा वेग, दोन्ही गटांत सारखा आहे का, हेही तपासलं. उतार वेगळे असतील तर 'आजाराने इतकी झीज होते' असा एक आकडा सांगताच येत नाही. पासष्टीतल्या रुग्णाचा मेंदू त्याच्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा जितका वेगळा दिसतो, तितका नव्वदीतल्या रुग्णाचा दिसत नाही, कारण नव्वदीत निरोगी माणसाचा मेंदूही बराच आक्रसलेला असतो. अशा वेळी सत्तरी, ऐंशी अशा टप्प्यांवर वेगवेगळे आकडे द्यावेत, हे मॅडमचं मत आणि मला ते पटलेलं आहे.

आता स्त्री-पुरुष. साठीच्या पुढच्या ९८ निरोगींत ७२ स्त्रिया आणि २६ पुरुष. १०० रुग्णांत ५९ स्त्रिया आणि ४१ पुरुष. म्हणजे रुग्णांच्या गटात पुरुषांचा वाटा बराच मोठा. पुरुषांची डोकी सरासरीने मोठी, म्हणून मेंदूचं आकारमानही साधारण दहा टक्क्यांनी जास्त. यात अकलेचा काही संबंध नाही, उंची आणि बांधा यांचाच जास्त आहे. पण याचा परिणाम बघा. मेंदूचं नुसतं आकारमान घेऊन तुलना केली तर रुग्णांच्या गटातल्या जास्तीच्या पुरुषांमुळे त्या गटाची सरासरी वर उचलली जाते, आणि आजाराने झालेली झीज काही अंशी झाकली जाते. वयाच्या बाबतीत नियंत्रण न केल्याने फरक फुगत होता, इथे तो दबतो. नियंत्रण केलं की फरक कमीच होतो असा माझा समज होता, तो इथे गेला.

यावर उपाय म्हणजे डोक्याच्या मापाने भागणं. ओॲसिसच्या सारणीत दोन रकाने आहेत, एक कवटीच्या आतल्या जागेचा अंदाज आणि दुसरा डोकं ठरावीक नकाशावर बसवायला किती ताणावं लागलं त्याचा गुणक. पहिल्या बाईंचे आकडे १३४४ आणि १.३०६. गुणाकार १७५५. तिसऱ्या बाईंचे १४५४ आणि १.२०७. पुन्हा १७५५. पाचव्या मुलाचे १७३७ आणि १.०१०, गुणाकार १७५४. म्हणजे हे दोन रकाने ही एकच माहिती आहे, दोन तऱ्हांनी लिहिलेली. दोन्ही एका मॉडेलमध्ये टाकले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. असले छोटे गुणाकार हाताने करून पाहावेत असं मी आवर्जून सांगेन, रकान्यांची नावं वाचून ही गोष्ट कळत नाही. डोक्याच्या मापाने भागूनही स्त्री-पुरुष हा मुद्दा पुरता निकालात निघत नाही, कारण डोकं मोठं म्हणून मेंदूचा प्रत्येक भाग त्याच प्रमाणात मोठा असेल असं नाही. म्हणून आम्ही मापही घेतलं आणि स्त्री-पुरुष हा रकानाही ठेवला.

मग रेसिडेंट डॉक्टरांनी विचारलं, एमएमएसई पण कोव्हेरिएट म्हणून टाकायचं का? गटांमध्ये त्यात तर केवढा फरक आहे. मॅडम म्हणाल्या, "अहो, मग राहिलं काय? एमएमएसई सारखं असलेले रुग्ण आणि निरोगी घेतलेत, तर आजारच वजा केलात."

शिक्षणाचा रकाना याच प्रश्नाची अवघड बाजू. ओॲसिसमध्ये शिक्षणाला १ ते ५ अंक आहेत, हायस्कूल पूर्ण न केलेल्यांना १ आणि पदवीच्या पुढे शिकलेल्यांना ५. तरुणांच्या बहुतेक ओळींत हा रकाना रिकामा. रुग्णांच्या गटात शिक्षण थोडं कमी आहे. आता शिक्षण कमी असणं हा विस्मृतीच्या धोक्यांपैकी एक मानला जातो. मग शिक्षणासाठी जुळवून घेतलं तर आपण गोंधळ दूर करतोय की आजाराच्या वाटेचाच एक तुकडा कापून टाकतोय? मॅडमनी मला मिलर आणि चॅपमन या मानसशास्त्रज्ञांचा २००१ चा निबंध वाचायला दिला. त्यांचं म्हणणं रोखठोक आहे: गट आधीपासूनच वेगळे असतील आणि कोव्हेरिएटमधला फरक गटाच्या स्वरूपाशी बांधलेला असेल, तर तो 'काढून टाकून' उरतं ते नेमकं कशाचं माप आहे हे सांगता येत नाही. सॉफ्टवेअरला हा भेद ओळखता येत नाही. वयाचा रकाना आणि एमएमएसईचा रकाना त्याच्या दृष्टीने सारखेच. फरक गटांत कुठून आला, आपण माणसं निवडली म्हणून आला की आजारामुळे आला, हे ज्याने रुग्ण पाहिलेत त्यालाच ठाऊक असतं. या सगळ्या कामातून मला एवढंच ठामपणे म्हणायचं आहे: मॉडेलच्या आधी हा प्रश्न प्रत्येक रकान्याला विचारला पाहिजे, आणि उत्तर लिहून ठेवलं पाहिजे.

आमचे स्वतःचे स्कॅन सुरू झाले तेव्हा हा प्रश्न फारच जवळून भेटला. आकडे अजून छापलेले नाहीत म्हणून ते इथे देत नाही, माणसांविषयी सांगते.

रुग्णासोबत घरचं कोणीतरी येतंच. निरोगी गटासाठी सोबत आलेल्या माणसालाच विचारणं सोपं पडतं: एक स्कॅन तुमचाही करू का? पुष्कळ अभ्यासांत असंच करतात, आणि घर, खाणंपिणं, गावचं पाणी सारखं असल्याचा फायदाही आहे. पण आपल्याकडे रुग्ण पुरुष असला की सोबत बायको येते, आणि ती नवऱ्याहून चार-पाच, कधी आठ-दहा वर्षांनी लहान असते. रुग्ण बाई असली की सोबत सून किंवा लेक. नवरा क्वचित. मी ओपीडीच्या बाकड्यांवर बसून फॉर्म भरून घेत होते तेव्हा डोळ्यांदेखत निरोगी गट तयार होत होता, आणि तो होता स्त्रियांचा, वयाने लहान. या लग्नाच्या रीतीतून आलेला वयाचा फरक पुढे मेंदूच्या नकाशावर लाल ठिपक्यांच्या रूपात उगवला असता, आणि त्याला आम्ही आजार म्हटलं असतं. त्याच आठवड्यात मॅडमनी ठरवलं की साठीच्या आतल्या सुना-लेकींचे स्कॅन या तुलनेत धरायचे नाहीत.

वय विचारणं हे तर वेगळंच काम आहे. ओॲसिसच्या सारणीत ७४ लिहिलं असलं की ते ७४. आमच्याकडे आधार कार्डावर १ जून. पुढच्याचंही १ जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून देत, आणि वर्ष अंदाजाने. शाळेतच न गेलेल्या बायकांचं वय तर थेट साठ, पासष्ट, सत्तर असं गोल आकड्यात येतं. वयाचा आलेख काढला की या गोल आकड्यांवर मनोरे उभे राहतात.

म्हणून आम्ही वय घटनांवरून विचारायला लागलो. एका आजींच्या कार्डावर वय ६९ होतं. मी विचारलं, "आजी, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" त्या म्हणाल्या, "अगं, माझं लग्न ठरलं होतं त्या साली. पुरात बस्ता वाहून गेला म्हणून लग्न दिवाळीनंतर ढकललं." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. लग्न ठरायचं वय चौदा-पंधरा धरलं तरी आजी कार्डापेक्षा बऱ्याच मोठ्या निघाल्या. साताऱ्याकडच्या लोकांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विचारायचा. आधीच्या पिढीला गांधीजी गेले ते साल. अर्थात हे विस्मृतीच्या रुग्णाला विचारून भागत नाही, त्याच्या भावाला-बहिणीला विचारावं लागतं. आणि इथेच एक मेख आहे: निरोगी माणूस स्वतःचं वय नीट सांगतो, रुग्णाचं दुसरं कोणीतरी अंदाजाने सांगतं. म्हणजे वयातली चूक दोन्ही गटांत सारखी नाही.

हे इतकं का महत्त्वाचं? कोव्हेरिएट ढोबळ मोजलेलं असेल तर त्याचा परिणाम अर्धवटच वजा होतो. उरलेला हिस्सा गटांच्या फरकात जाऊन बसतो. २०१६ साली वेस्टफॉल आणि यार्कोनी यांनी दाखवून दिलं की अशा वेळी नमुना वाढवल्याने सुटका होत नाही, उलट माणसं वाढतील तशी चुकीच्या निष्कर्षाची खात्री वाढत जाते. म्हणून प्रत्येक वयाच्या शेजारी आम्ही आणखी एक रकाना ठेवला: हे वय कशावरून, दाखल्यावरून, घटनेवरून की नुसतं अंदाजाने. विश्लेषण एकदा सगळ्यांवर करायचं आणि एकदा दाखला किंवा घटना असलेल्यांवरच.

शिक्षणाचंही तसंच. ओॲसिसच्या १ ते ५ च्या फूटपट्टीवर आमच्या बहुतेक आज्या १ वर येतात. पण त्या १ मध्ये कधीच शाळेत न गेलेली बाई आहे, चौथीपर्यंत शिकून रोज पेपर वाचणारी आहे, आणि जुनी सातवीची फायनल पास होऊन पुढे मास्तरीण झालेलीही आहे. ही तीन माणसं एका अंकात कोंबायची? आम्ही शाळेची वर्षं वेगळी लिहिली, आणि 'वाचता येतं का, लिहिता येतं का, पैशांचा हिशेब कोण ठेवतं' हे वेगळं.

आमच्याच रुग्णालयात स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्यांनी यातली आणखी एक अडचण सांगितली. तो आजार ऐन शिकायच्या वयात येतो आणि शिक्षण तोडतो. त्यामुळे रुग्णाच्या शिक्षणाशी जुळणारा निरोगी माणूस शोधला तर तो त्याच्या घरच्या परिस्थितीशी जुळत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९७० सालीच हे सांगून ठेवलंय, की एका बाबतीत जोड्या जुळवल्या की दुसऱ्या कुठल्यातरी बाबतीत त्या विस्कटतात. यावर परदेशात रूढ उपाय आहे आईवडिलांचं शिक्षण घेण्याचा. आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या माणसाला आईचं शिक्षण विचारा, बहुतेकांचं उत्तर एकच: आई शाळेत गेली नाही. सगळ्या ओळींत शून्य असलेल्या रकान्याने जुळवणार काय? त्यांनी त्याऐवजी शिक्षण सुटायच्या आधी इयत्तेत तो कसा होता आणि भावंडं कितवीपर्यंत शिकली, हे विचारायला सुरुवात केली आहे. मला हा उपाय फार आवडला.

भाषेचा रकाना आम्ही हैदराबादच्या अभ्यासामुळे घातला. २०१३ साली सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयातल्या ६४८ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं की दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये विस्मृती सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली, आणि निरक्षरांमध्येही फरक दिसला. सोलापूरहून आलेला रुग्ण मराठी, कानडी आणि तेलुगू तिन्ही बोलत असेल, आणि निरोगी गटातली माणसं फक्त मराठी, तर ही गोष्ट निदान नोंदलेली तरी हवी. मॉडेलमध्ये घालायची की नाही हा पुढचा प्रश्न.

एक मुद्दा नकाशाचा. सगळे मेंदू एका ठरावीक नकाशावर बसवून मगच तुलना होते, आणि रूढ नकाशा मॉन्ट्रियलच्या १५२ जणांच्या स्कॅनमधून बनलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय नकाशा बनवला, त्यात आपला मेंदू सरासरीने लांबी, रुंदी, उंचीत लहान दिसला. तो तरुणांचा नकाशा आहे, आमचे सगळे म्हातारे. म्हणून आम्ही आमच्याच दोन्ही गटांतून सारखी माणसं घेऊन नकाशा बनवला. सारखी घेणं महत्त्वाचं, नाहीतर नकाशा एका गटाकडे झुकतो. स्कॅनमध्ये डोकं हलणं हेही गटागणिक वेगळं असतं. रुग्ण जास्त हलतात, आणि हललेल्या स्कॅनमध्ये मेंदूचा करडा भाग खऱ्यापेक्षा पातळ दिसतो. त्यावर मॉडेलमध्ये उपाय करण्यापेक्षा स्कॅनच्या आधी आजोबांना दहा मिनिटं मशिनचा आवाज ऐकवून, मानेखाली नीट उशी देऊन झोपवणं जास्त कामाला आलं. आमचे टेक्निशियन दादा हे इतक्या मायेने करतात की त्यांचं नाव निबंधावर असायला हवं असं माझं मत आहे.

आता तीन मॉडेल ठरली आहेत आणि ती गट उघडून पाहायच्या आधीच तारीख घालून एथिक्स कमिटीकडे दिली आहेत. पहिल्यात फक्त वय, स्त्री-पुरुष आणि डोक्याचं माप. दुसऱ्यात त्याशिवाय वय आणि गट यांचा एकमेकांवरचा परिणाम. तिसऱ्यात शिक्षणही. तिसऱ्या मॉडेलवरून रेसिडेंट डॉक्टर आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्यांचं म्हणणं, शिक्षण न घातल्यास परीक्षक निबंध परत पाठवतील. माझं म्हणणं, घातल्यास त्या आकड्याचा अर्थ काय हे आपल्याला सांगता यायला हवं. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचं ठरवलंय, आणि त्या तक्त्याखालचा मजकूर मला लिहायला दिलाय.

निरोगी गटात सत्तरीपुढचे पुरुष अजूनही कमी आहेत. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांत जाऊन बोलतोय, पण तिथे येणारे बरेचसे पेन्शनर, शिकलेले, रोज फिरायला जाणारे. म्हणून आता कामगार वस्तीतल्या भजनी मंडळांकडेही विचारणा केली आहे. दोन मंडळांनी होकार दिलाय. एकादशी सोडून कुठल्याही दिवशी बोलवा म्हणालेत.